सारजाची शेकायची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. तांबड्या रबराची, अंगावर बारीक रेघा असलेली. साच्यातून निघाल्यावर बारामतीच्या एका औषधाच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. तिथून प्रतिक्षाने मला विकत घेतलं आणि अंथुर्ण्याला आपल्या आईकडे नेलं.

तिची आई सारजा. चाळिशी ओलांडलेली, रानाचं आणि गोठ्याचं सगळं एकटीने बघणारी. तिचं अंग दुखायचं. सकाळी खांदा, दुपारी कंबर, संध्याकाळी गुडघे. झोपून उठली तरी कुणी कुटून काढल्यासारखी दिसायची. मी पोटात गरम पाणी घेऊन ती ठेवेल तिथे बसायचे. "हिच्यामुळं जरा डोळा लागला," असं ती लेकीला सांगायची. मला तेवढी शाबासकी पुरत होती.

एकदा मला कमरेशी धरूनच ती बारामतीला गेली. आसावरी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि तिच्या नवऱ्याला, दादासोला, समोर बसवलं.

"रिपोर्ट चांगले आहेत, पण यांचं दुखणं खरं आहे. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. यात झोप जाते, मन खचतं. खचलेली बाई घरात कोंडून घेते, मग ऊन नाही, चालणं नाही, धड जेवण नाही. त्याने हाडं ठिसूळ होतात. यांना सांभाळा."

दादासोने त्यातले पहिले तीन शब्द तेवढे घरी नेले.

"मंजी इतकं दिस सोंगच व्हतं," त्याची आई गोजरबाई म्हणाली.

पुढे प्रतिक्षाचं लग्न झालं आणि ती कन्हेरीला नांदायला गेली. त्याच आठवड्यात गोजरबाईने मला उचललं आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. "लाड केलं की दुखणं चढतं," ती म्हणाली.

मी खुंटीवरून सगळं बघत-ऐकत होते. पिठाच्या गिरणीत बायका सारजाच्या चालीची नक्कल करायच्या, म्हणून तिने बाहेर जाणं सोडलं. दोन वेळा धारा काढायला तेवढी ती गोठ्यात यायची. दूध सगळं डेअरीला जायचं. कामात जी कुचराई करते तिला दूध कशाला, म्हणून तिच्या वाट्याला कोरा चहा यायचा. धार काढून झाली तरी ती गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसून राहायची. एकदा तिला म्हणाली, "सकाळ हूच नाय असं वाटतं, बाय." गाय रवंथ करत राहिली.

एके दिवशी शेजारच्या दोघी चीक न्यायला आल्या. त्यांच्या देखत गोजरबाईने हाक मारली.

"सारजे, त्ये पेंडीचं पोतं आत घी. बघू दे ह्यास्नी बी, किती दुखतंय ते."

"आत्याबाई, आज पाठ लई धरलीया."

"रोजच धरती तुजी पाठ."

सारजा वाकली. तिने पोतं गुडघ्याएवढं उचललं आणि वाळकं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. ती तिथेच शेणात बसली. त्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. दादासो बाहेरून आला. "ऊठ, उगं तमाशा नगं," एवढंच बोलला. ती भिंत धरून उठली. संध्याकाळची धारही तिनेच काढली.

त्यानंतर ती कण्हायची ते वेगळंच कण्हणं होतं. पण त्या घराला तिचं कण्हणं अंगवळणी पडलं होतं.

पंचमीला प्रतिक्षा माहेरी आली. आई दारात आली ती कमानीसारखी वाकून. लेकीने कुणाला काही विचारलं नाही. तिने मला खुंटीवरून काढलं, पाणी भरून आईच्या पाठीला लावलं आणि तिला गाडीत घातलं. दादासो मागे बसला.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. "हाड पार ठिसूळ झालंय. मणका चेपून मोडलाय."

"मागं तर रिपोर्ट चांगलं व्हतं, म्याडम," दादासो म्हणाला.

"तेव्हा मोडला नव्हता."

आता सारजाचा मान वाढला आहे. इंदापूरहून पाव्हणे येतात, केळी ठेवतात. गोजरबाई सगळ्यांना फोटो दाखवते. मला स्वतःच्या हाताने भरते.

"आत्याबाई, पाठ ऱ्हाऊ द्या. आज खांदा ठणकतोय," सारजा काल म्हणाली.

"खांद्याला काय धाड भरलीया? फोटूत मणका मोडलाय." गोजरबाईने तिला कुशीवर वळवून मला मणक्यावर ठेवलं आणि वरून पट्टा आवळला. मी तिथेच निवत गेले. सारजाने पुन्हा खांद्याचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचं दुखत असेल, तर ते माणूस हात ठेवेल तिथेच मला ठेवा. मला जागचं हलता येत नाही.