कोरडे पाय

फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल दुपारीच गच्च भरला होता. समोरासमोर दोन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे पांढरा टब, टबात कोमट खारे पाणी, आणि पाण्यात तारेने जोडलेली एक लहानशी डबी. माणसे पाय टबात सोडून, गुडघ्यांपासून टबापर्यंत चादर पांघरून, निकालाची वाट पाहावी तशी गप्प बसली होती. वेळ भरली की निचरातज्ज्ञ यायचे, चादर उचलायचे, आणि मघाचे नितळ पाणी काढ्यासारखे गडद झालेले दिसायचे. "निघालं! निघालं!" हॉलभर टाळ्या पडायच्या.

निचरातज्ज्ञ, म्हणजे अंगातले विष निचरून काढणारे, हे त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेले नाव. कोट डॉक्टरचा, आवाज मधात घोळलेला.

"हा पिवळा थर यकृताचा. तांबडा सांध्यांचा. आणि हे काळे कण दिसतात? ही काळजी! काळजी हलकी, म्हणून वर तरंगते."

"आमच्या ह्यांना दाखवा कुणीतरी!" एक बाई अभिमानाने म्हणाल्या. "म्हणतात, तुला कसली आलीये काळजी!"

शेवटच्या खुर्चीत ताई होती. तिचा धाकटा भाऊ दाराबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याचे तसबिरींना चौकटी करून देण्याचे दुकान होते. दुसऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांना काचेआड नीट बसवणे त्याला जमे. स्वतःच्या घरातल्या चेहऱ्याकडे मात्र त्याला अलीकडे सरळ पाहवत नव्हते.

ताईच्या पायांतले बळ हळूहळू ओसरत होते. मज्जातंतूंचा आजार. तो जाणार नाही, पण गोळ्या चुकल्या नाहीत आणि रोज सकाळी कुणी पाय धरून व्यायाम करून घेतला, तर ताई अनेक वर्षे स्वतःच्या पायांवर उभी राहील, असे रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. ते 'कुणी' म्हणजे तो, हे सांगायची गरज नव्हती. पण ज्या पायांवर झोपवून तिने त्याला लहानाचे मोठे केले, ते काडीसारखे झालेले पाय हातात घेतले की तो लगेच खाली ठेवून देई. मग कुणा गिऱ्हाइकाची घाई त्याला आठवे. ती गिऱ्हाइके बहुधा नसतच.

अशा दिवसांत त्याला ह्या हॉलचा पत्ता मिळाला होता. आजची बैठक शेवटची. उद्यापासून गोळ्या आणि व्यायाम दोन्ही बंद, असे निचरातज्ज्ञांनी बजावले होते. ताई एवढेच म्हणाली होती, "तुला बरं वाटणार असेल, तर जाऊ."

रुग्णाचे पाय घरच्या माणसानेच पाण्यात ठेवायचे, असा तिथला नियम होता. मायेच्या स्पर्शाने विष सैल होते म्हणे. पण आज तिचे मोजे काढायला तो वाकला, आणि त्याला ते सोसेना. मदतनीस बाई ठेवतील, असे मनाशी ठरवून तो बाहेर सटकला. मदतनीस बाईंना वाटले, भावाने ठेवले. त्यांनी न पाहताच चादर पसरली, बटण दाबले. ताईने त्यांना अडवले नाही.

आता आतून टाळ्या आल्या. तो धावत दारात आला. निचरातज्ज्ञांनी ताईची चादर एका हाताने उंच धरली होती आणि तोंड लोकांकडे केले होते.

"बघा, बघा! आजवरचं सगळ्यात गडद पाणी! मुळापासून उपटलं!"

क्षणभर त्याला सुटल्यासारखे वाटले.

"अहो," ताई शांतपणे म्हणाली, "माझे पाय बाहेरच आहेत."

टबाच्या अलीकडे, लादीवर, मोजे घातलेले तिचे दोन्ही पाय होते. कोरडे.

"पाय जवळ असले तरी विष खेचलं जातं, ताई," निचरातज्ज्ञ घाईने म्हणाले. "श्रद्धेला अंतर नसतं."

"मग मी घरी बसते. तुम्ही इथून खेचा."

मागे कुणीतरी फिसकन हसले. समोरच्या रांगेतून एक बाई ओल्या पायांनीच उठल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. "एक टब रिकामाच चालवा," त्या म्हणाल्या.

"यंत्र तापलंय," निचरातज्ज्ञ म्हणाले.

"मग पाण्यात गार होईल." बाईंनी नवा टब भरला, मीठ घातले, डबी सोडून बटण दाबले. सगळे वाकून पाहू लागले. पाणी पिवळे झाले, तांबूस झाले, काळे कणही तरंगू लागले.

"आता ही काळजी कुणाची?" एकाने विचारले.

"टबाची असेल. बिचारा किती जणांचं ऐकतो!"

हशा ओसरल्यावर शिक्षिका म्हणाल्या, "डबीत लोखंडाच्या पट्ट्या आहेत. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हा गंज आहे, विष नव्हे. मीच मुलांना शिकवते हे. गुडघे दुखायला लागले आणि शिकवलेलं सगळं विसरून इथे येऊन बसले."

"पण मला बरं वाटायचं हो," काळजीवाल्या बाई रडवेल्या झाल्या.

"वाटणारच. कोमट पाणी, बसायला खुर्ची, आणि 'कशा आहात' म्हणून विचारणारं माणूस. ते घरीच मागा. आणि गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा."

निचरातज्ज्ञ तारा गुंडाळत होते.

जिना उतरताना ताईचा सारा भार भावाच्या खांद्यावर होता. अर्ध्यावर तो थांबला.

"ताई, मला वाटलं, चमत्कार झाला तर..."

"तर तुला सकाळी माझे पाय धरावे लागले नसते."

त्याने तिचा हात खांद्यावर नीट घेतला. नाही म्हणण्याचे धाडस त्याला झाले नाही आणि हो म्हणण्याची गरज उरली नव्हती.

"चल," ती म्हणाली, "पायरीकडे लक्ष दे."

पाणी रंगले की आधी विचारावे, पाय नसताना ते रंगते का? एवढा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही. पण त्याच्या उत्तरानंतर चमत्काराची जागा रिकामी होते, आणि तिथे घरच्या माणसालाच जाऊन बसावे लागते. पुष्कळदा आपण फसतो ते ह्या बसण्याला भिऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उशिरा उघडले. खाटेच्या कडेशी बसून त्याने ताईची टाच तळहातावर घेतली आणि गुडघा हळूच वाकवला. पाय कालच्याइतकाच अशक्त होता.

"दुखतंय?"

"दुखतंय," ती म्हणाली. "थांबू नकोस."