निळ्या शर्टातल्या दोघी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक शाळा डोळ्यांसमोर आणा. फाटकासमोर सरळसोट रस्ता, त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या. मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची. तिथं गतिरोधक घालावा का, हे ठरवायला गावात सभा भरली होती.

त्या गावच्या सभेची एक रीत होती. 'हो' म्हणणारे खिडकीच्या बाजूला बसायचे, 'नाही' म्हणणारे दाराच्या बाजूला. त्याच शाळेत भिंगरी नावाची मुलगी होती. तिची आत्या शाळेची बस चालवायची. गतिरोधक हवाच, असं पहिल्यांदा तीच म्हणाली होती. पण बस बाहेर उभी, शाळा सुटायला आलेली. म्हणून ती दाराशीच टेकली. मागे दूधगाडीवाल्या काकू होत्या. दोघींचेही शर्ट निळे.

काकू कडाडल्या, "मुलांनीच बघून चालावं! रस्ता कशाला अडवता?"

"कोण बोललं?" नव्या बातमीदारानं शेजाऱ्याला विचारलं.

"ती निळ्या शर्टवाली ड्रायव्हर."

झालं! सकाळी पेपरात फोटो आत्याचा आणि खाली वाक्य काकूंचं.

त्या दिवशी बसमध्ये निम्मी बाकं रिकामी. "मुलांची पर्वा नाही, तिच्या हाती मुलं द्यायची?" पालक म्हणू लागले. मुख्याध्यापक बाईंनी आत्याला बोलावून सांगितलं, "असंच चाललं तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

भिंगरीनं तडक पेपरचं ऑफिस गाठलं.

"चूक आमचीच," संपादक म्हणाले. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो."

"पुढच्या? कालची अर्धवट राहिलेली सभा तर आज संध्याकाळी आहे!"

"अगं, आमचा पेपर निघतोच आठवड्यातून दोनदा."

मग ती दूध उतरवणाऱ्या काकूंकडे गेली. "काकू, तुमचं बोलणं आत्याला भोवतंय. तिची बसवरची नोकरी जाईल."

काकूंचे हात थांबले. "एवढं झालंय? मी तर पेपर बघून हसत होते." त्यांनी एक क्रेट पुढे ओढला. तळाशी दूध आणि काचा. "बाजारातल्या त्या गतिरोधकाची ही करामत. रोज बाटल्या फुटतात. म्हणून ओरडते बाई, मला काय हौस आहे?"

"मग आजही ओरडा. फक्त तुमचं म्हणून ओरडा."

"आगाऊच आहेस गं!" काकू हसल्या.

संध्याकाळी सभा सुरू होताच त्या उठल्या. "मुलांनी बघून चालावं, हे मी म्हणाले. ही नाही. बोलायचं मी आणि फोटो हिचा! मी काय केस विंचरून आले नव्हते?"

सभागृह खदखदून हसलं. एक बाबा आत्याजवळ आले. "ताई, चुकलं आमचं. उद्या पोरगी बसमध्ये असेल." मागून मुख्याध्यापक बाईंनीही मान डोलावली.

"पण माझा विरोध आहे तो आहेच हं," काकूंनी बजावलं. "बाटल्यांचं काय?"

पुन्हा गलका सुरू झाला. आत्यानं भिंगरीचा हात ओढला. "बस आता. आपलं काम झालं."

पण भिंगरी बसली नाही. ती फळ्याकडे गेली आणि तिनं खडूनं एक गतिरोधक काढला. बाजारातल्या टेंगळासारखा नव्हे. लांबट, बुटका, अलगद चढून अलगद उतरणारा.

"काकू, यावरून बाटल्या नीट जातील?" तिनं विचारलं, आणि खडू त्यांच्यापुढे धरला.