बोलक्याचं अपडेट

दुकानात येणारी माणसं बारकीला एकच प्रश्न विचारत आणि बारकी त्यांना एकच उत्तर देई.

"अपडेट केलं तर आमचं जुनं चालेल ना?"

"चालेल की. उलट बरं चालेल."

बारकी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दोन जिने चढली की धापा टाकणारी बाई. पण घरात एकदा पडलेलं नाव कोण पुसणार? कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातही गिऱ्हाइकं तिला बारकीताईच म्हणत. ती काही थापा मारत नव्हती. नवी सिस्टिम जुन्या वस्तूंची सोय बघते, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका वकिलाचा स्कॅनर वर्षभर मेल्यासारखा पडून होता, तो अपडेटनंतर उठून बसला. एखाद्याचं नाहीच चाललं, तर ती हसून म्हणे, "वय झालं हो त्याचं. आता नवीन घ्या." गिऱ्हाईक तोंड वाकडं करी आणि नवीन घेई. त्यात कुणाचा जीव अडकलेला असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आठव्या मजल्यावरून खाली खड्ड्यात उतरलेल्या माणसाला हाक मारायची तर त्यांना फोनबिन लागत नसे. मग त्याच गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी, आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना एक सॉफ्टवेअर आणून दिलं. त्यात शेकडो वाक्यं वाचून ठेवायची. पुढे काहीही टाइप केलं की ते तुमच्याच आवाजात बोलणार. वाक्यं मात्र अशी, की वाचणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. 'जांभळ्या उंटाने खिडकी उघडी ठेवली.' 'काकांच्या टोपीत झुरळ झोपले.' सगळे उच्चार यावेत म्हणून म्हणे तशी. बाबा खोलीचं दार लावून, भिंतींना गोधड्या टांगून, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून वाचायचे आणि आई दाराबाहेर तोंड दाबून हसायची.

"माझ्यावर ओरडता तेही घाला हो त्यात," ती म्हणाली होती. "नाहीतर मला करमायचं नाही."

बाबांनी तेही घातलं.

ऑपरेशननंतर तो आवाज एका लॅपटॉपमध्ये आणि त्याला जोडलेल्या साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या ठोकळ्यात राहू लागला. ठोकळा जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर बोलत नसे. घरात त्याला सगळे बोलका म्हणत. बोलका थोडा अडखळायचा, 'ळ' म्हणताना घसरायचा, पण 'अगं' असं काही म्हणायचा की आई ओट्यापाशी असली तरी वळून बघायची.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारपाजार. एके दिवशी बारकीलाच तिनं विचारलं, "तुम्ही दवाखान्यातून आलात का?" त्या दिवशी बारकी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. सगळ्यात शेवटी बाबांचा चेहरा गेला. समोरच्या खुर्चीतला म्हातारा कोण, हे आईला कळेना; ती अंग चोरून बसायची. पण आवाज गेला नव्हता. बाबा टाइप करायचे, बोलका म्हणायचा, "अगं, मीच आहे," आणि आईचे खांदे सैल पडायचे.

"तुम्ही होय! मग आधी बोलायचं नाही का?"

त्यानंतर ती त्यांच्या हातून घास घ्यायची, केस विंचरू द्यायची, औषध गिळायची. बाकी कुणाची बिशाद नव्हती. सारा संसार त्या साबणाच्या वडीवर चालला होता म्हणा ना.

लॅपटॉप मात्र थकत चालला. बाबांनी टाइप केलं की पडद्यावरचं चाक गरगरत राही आणि आवाज यायला उशीर लागे. तेवढ्या वेळात आई घाबरून जाई. "कोण आहे? कोण आहे तिथे?" बारकीला ते बघवेना. एका रविवारी दुपारी ती दुकानातली पिशवी घेऊनच आली.

बाबांनी लगेच टाइप केलं आणि बोलका खेकसला, "हात लावू नकोस. चाललंय ते चालू दे."

"बाबा, मी रोज हेच करते. तुम्ही चटकन बोलाल. आईला ताटकळावं लागणार नाही."

आईचं नाव निघाल्यावर बाबांनी कीबोर्डवरून हात उचलले.

अपडेट अगदी सुरळीत झालं. लॅपटॉप चुटकीसरशी सुरू व्हायला लागला. बारकी खूश झाली आणि तिचा हात सवयीनं पुढच्या कामाला लागला. अपडेटनंतर जुनी सिस्टिम काही दिवस बाजूला ठेवलेली असते, बिनसलं तर परत फिरता यावं म्हणून. पण ती जागा खाते आणि मग गिऱ्हाइकं डिस्क भरली म्हणून डोकं खातात. म्हणून बारकी ती लगेच काढून टाकायची. झाडून घेणं म्हणायची त्याला. खरंच काढायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं न वाचताच हो म्हटलं. आधी चालवून बघावं आणि मग झाडावं, एवढं साधं कुणालाही कळलं असतं. पण हजार वेळा ज्याचं काही बिघडलं नाही, त्या कामात माणूस डोळे मिटून हात चालवतो. तिनं झाडून घेतलं आणि मग बोलका उघडला.

पडद्यावर आलं, 'ठोकळा जोडलेला नाही.'

तो तर जोडलेला होता. तिनं तो काढून पुन्हा लावला. जुन्यासारखं चालव, अशी सेटिंग बदलून पाहिली. त्यासाठीच तर ती सोय असते. त्यानं सॉफ्टवेअर उघडलं, पण ठोकळ्याला नवी सिस्टिम ओळखच देईना. मग वाचलेल्या वाक्यांची प्रत बाजूला ठेवून तिनं सगळं पुसलं आणि जुनी सिस्टिम पुन्हा घातली. आता ठोकळा ओळखला गेला, पण सॉफ्टवेअरला वाटलं हे मशीनच वेगळं आहे. त्यानं कंपनीकडून येणारी नवी किल्ली मागितली. वाचलेली वाक्यं सगळी जागच्या जागी होती, कुलूपबंद. त्या शिकवणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा त्या हळहळल्या. "अगं, दोघा जणांचीच कंपनी होती ती. त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला."

फोन ठेवल्यावर बारकीनं तो पांढरा ठोकळा काढून हातात घेतला. अपडेट जुन्यावर मेहेरबानी करतं, असं ती आयुष्यभर सांगत आली होती. ते मेहेरबानी वगैरे काही करत नाही. एकेका जुन्या वस्तूसाठी कुणीतरी बसून नव्या सिस्टिमला सांगावं लागतं, की हा आपलाच आहे, याला आत घे. वकिलाच्या स्कॅनरसाठी तसं कुणीतरी बसलं होतं. बोलक्यासाठी आता कुणीच नव्हतं.

संध्याकाळपुरता तिनं मशीनमधलाच एक तयार आवाज लावून दिला. बातम्या सांगतात तसा गुळगुळीत. बाबांनी टाइप केलं आणि तो परका माणूस म्हणाला, "अगं, मीच आहे."

आईनं वाटी ढकलून दिली. सूप बाबांच्या मांडीवर सांडलं.

"हा कोण? माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत काय करतोय हा?" ती उठली आणि भिंत धरून खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरू लागली. "अहो! अहो, ऐकलंत का? कुठे आहात तुम्ही?"

बाबा तिच्या मागे मागे चालत होते. ती वळून बघायची आणि भिऊन पुढे पळायची, म्हणून ते शेवटी जागीच थांबले. त्यांचं तोंड उघडलं, गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

त्यानंतर आईनं अन्नपाणी जवळजवळ सोडलंच. बारकी दुकान बंद ठेवून घरीच राहिली. चमचा पुढे केला की आई ओठ घट्ट मिटून घेई. ओठांना भेगा पडल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

"बाबा, मला काहीतरी बोला," बारकी हुंदके देत म्हणाली. "शिव्या द्या. मीच तुमचा आवाज मारला."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग आवाज बंद करून पडद्यावर टाइप केलं: तू तिच्यासाठीच केलंस.

बारकी डोळे पुसून उठली.

बाबांचा आवाज आणखी कुठे आहे का, म्हणून तिनं घर आणि दुकान पालथं घातलं. बाबांना रेकॉर्डिंगचा कंटाळा. घरच्या व्हिडिओंमध्ये कॅमेरा त्यांच्याच हातात आणि ते गप्प. अखेर दुकानातल्या खणात तिचाच जुना फोन सापडला. काचेला तडा, पण चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. त्यात बाबांनी आईसाठी बोलून पाठवलेला एक निरोप होता. आईकडे तेव्हा तसला फोन नव्हता, म्हणून बारकीला पाठवलेला.

ती फोन घेऊन धावतच घरी आली, आईशेजारी बसली आणि निरोप लावला. आधी लोखंडाचा खडखडाट, मग तो भरदार आवाज, ऑपरेशनच्या आधीचा, न अडखळणारा.

"अगं, इथं काम अडलंय. मला यायला उशीर होईल. माझी वाट बघत बसू नकोस, तू जेवून घे."

आईचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. तिनं स्वतःच वाटी जवळ ओढली आणि भरभर खायला लागली. बारकीनं आनंदानं बाबांचा हात धरला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अर्धी वाटी संपल्यावर आईनं समोर पाहिलं. आता ती भीत नव्हती. घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं तिनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कामावरचे का?"

बारकी बोलायला गेली, पण बाबांनी हातानं तिला थांबवलं. त्यांनी मान डोलावली.

"मग तुम्हीही दोन घास खाऊन घ्या. आमचे हे यायला उशीर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुन्हा ओठ मिटून बसली. बारकीनं फोन हातात घेतला, पण तिचं बोट उठेना. तो निरोप लावला की आई जेवणार होती, आणि प्रत्येक वेळी बाबा घराबाहेर जाणार होते. ज्या बाईच्या खोकल्यासरशी ते उठून बसत, तिच्यासाठी ते आता कायमचे कामावर राहणार होते.

"नाही, बाबा. माझ्याच्यानं नाही होणार."

बाबांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला, आईच्या कानाजवळ धरला आणि स्वतःच बटण दाबलं.

आई जेवली. वाटी निपटून घेतली, तोंड पुसलं आणि समोरच्या पाहुण्याकडे वळली.

"तुम्हाला भेटले तर त्यांना सांगाल का, मी जेवले म्हणून? उगाच जीवाला घोर लावून घेतात ते."

बाबांनी छातीवर हात ठेवला आणि सांगतो, अशी मान हलवली.