बुरूजवालीचा शेवट

"अप्पा, टीव्ही विकला का हाय अजून?"

ऋतुजा स्कूटीवरून उतरलीसुद्धा नव्हती. हेल्मेट डोक्यावर तसंच आणि पायांपाशी आईच्या शालीत गुंडाळलेलं एक बोचकं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी दवाखान्यातून बाळ घेऊन आली. बोचक्यात तिचा गेम खेळायचा कन्सोल होता.

गुरुबसप्पा स्टुलावर चढून भिंतीवरची पोस्टरं काढत होते. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते, म्हणून आपणही अप्पाच म्हणू.

"हाय की. संध्याकाळी टेम्पोत घालायचाय. काय झालं गं?"

"बुरूजवाली! शेवटच्या बॉसपर्यंत, त्या राक्षसापर्यंत पोचले मी!"

अप्पा स्टुलावरून उतरले म्हणण्यापेक्षा पडलेच. अर्धं पोस्टर हातात, अर्धं भिंतीवर.

"खोटं बोलायलीस."

"आईशप्पथ! पण लवकर लावा, अप्पा. कंपनी आज ही गेम काढून घ्यायलीय. दुपारपर्यंतच हाय."

आता हे सगळं काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीत 'गुरू गेम्स' नावाचं दुकान आहे. म्हणजे त्या दिवशीपर्यंत होतं. व्हिडिओ गेमच्या सीड्या विकायच्या, भाड्याने द्यायच्या, जुनी घेऊन दुसरी द्यायची, असा धंदा. गेमची खरी नावं इथं कुणी घेत नसे. घोडेवाली, भुतवाली, चोर-पोलीसवाली, अशी अप्पांनी ठेवलेली नावं. डॉक्टरांची पोरंही काउंटरवर येऊन "अप्पा, भुतवाली आली का परत?" असंच विचारत.

आणि दुकानाचा एक रिवाज होता. गेम घरी न्या, महिनाभर खेळा, पण शेवटची लढाई दुकानात येऊन लढायची. सगळ्यांसमोर, मोठ्या टीव्हीवर. पोरं तिथवरचा खेळ पेनड्राइव्हवर नाहीतर कन्सोलचा अख्खा डबाच घेऊन येत आणि मागं गर्दी जमे. हा रिवाज कुठून आला? अप्पांना स्वतःला खेळता येत नाही, तिथून! गेमचं दुकान चालवणाऱ्या या माणसाचे अंगठे त्याचं ऐकत नाहीत. पहिल्याच वळणावर त्यांची गाडी खड्ड्यात जाते. पण गोष्टींचा नाद असा, की प्रत्येक गेमचा शेवट त्यांना बघायचा असे. म्हणून ते भाड्यात सूट द्यायचे आणि म्हणायचे, शेवट मात्र इथं येऊन कर. एक पिढी अशी येऊन शेवट करून गेली. अप्पांनी काउंटरला टेकून सगळे शेवट पाहिले. काही बघून ते रडलेही आहेत.

मग सबस्क्रिप्शन आलं. महिन्याला एका पिझ्झ्याचे पैसे भरायचे आणि घरबसल्या शेकडो गेम. पोरांची चंगळ झाली, यात अप्पांनाही काही खोटं वाटत नव्हतं. ज्याला एक सीडी घ्यायची ऐपत नव्हती, तो आता राजासारखा निवडत बसला. फक्त निवडतच बसला. ही खेळ थोडी, ती खेळ थोडी, लग्नाच्या पंगतीत सगळ्याच भाज्या ताटात घेऊन उठल्यासारखं. शेवटापर्यंत जायची गरज कुणाला? दुकानात सीडी मागायला कुणी येईना, हे तर झालंच. पण शेवट दाखवायलाही कुणी येईना, हे अप्पांना जास्त लागलं.

बुरूजवाली ही दुकानातली सगळ्यांत खट्याळ गेम. एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत एका उंच बुरुजावर चढत जाते. गेम इतकी अवघड, की ती लातुरात कुणीच संपवली नव्हती. कितीतरी जणांनी सीडी नेली आणि तोंड पाडून परत आणून दिली. बुरुजाच्या माथ्यावर दाराआड काय आहे, हे अप्पांना वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, यूट्यूबवर बघा की. अप्पा म्हणाले, "कुणाच्या जेवणाचा फोटू बघून तुझं पोट भरतंय का?"

आणि आज दुकानाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पंढरी नावाचा माणूस किल्ली घेणार आणि इथं झेरॉक्स सेंटर टाकणार. शेजारी एवढ्या ट्यूशन आहेत, तर ते चालणारच. अप्पा उदगीरला मेहुण्याच्या अडतीवर बसायला जाणार होते. सोयाबीनच्या पोत्यांना कसला आलाय शेवट!

"लाव लाव लाव," अप्पा म्हणाले आणि स्वतःच तारा जोडायला लागले. "मी आदर्शला फोन करतो."

आदर्श बँकेत नोकरीला. या दुकानात लहानाचा मोठा झाला आणि आता त्याच्याकडं दोन-दोन सबस्क्रिप्शन आहेत. तो जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच उघडा टाकून धावत आला. येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आला. बघता बघता दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. ट्यूशन बुडवलेली पोरं, समोरचा टेलर, एक भाजीवाली मावशीसुद्धा टोपली बाजूला ठेवून बघायला लागली.

"ही पोरगी काय करायलीय?" मावशीनं विचारलं.

"भावाला सोडवायलीय," अप्पा म्हणाले. मावशी लगेच ऋतुजाच्या बाजूची झाली.

पडद्यावर बुरुजाचं दार उघडलं. आत काळा राक्षस, हातात कुऱ्हाड. ऋतुजानं एकदा हाणलं, दोनदा हाणलं आणि मेली. सगळ्यांच्या तोंडून अरेरे निघालं. पुन्हा उठली. या वेळी राक्षसाचा जीव निम्म्यावर आला. "डावीकडनं, डावीकडनं!" टेलर ओरडला, ज्याला ही गेम कोणती हेही माहीत नव्हतं. ऋतुजा पुन्हा मेली. तिनं रिमोट घट्ट धरला, बटण दाबलं आणि पडद्यावर पाटी आली. ही गेम तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये आता उपलब्ध नाही.

"गेली," ऋतुजा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, गेम गेली! आत्ता संपतच होती."

"असं कसं काढून घेतेत? पैसे भरलेत ना तू?" मावशी चिडली.

"भाड्याचं घर हाय, मावशी. मालक म्हणला निघा, की निघायचं," आदर्श म्हणाला. दुकानाकडं बघून त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

पण अप्पा हसत होते! ते काउंटरच्या आत गेले, बांधलेल्या खोक्याची दोरी दातानं तोडली आणि त्यातून एक सीडी काढून वर धरली. बुरूजवाली. सगळा माल त्यांनी मिळेल त्या भावाला काढून टाकला होता. हीच तेवढी विकली नव्हती. शेवट न बघता कशी विकणार?

"ही माझी हाय. ही कोण काढून घेतंय बघू!"

दुकानात असा काही जल्लोष झाला, की गल्लीतलं कुत्रं उठून पळालं. ऋतुजा उडीच मारायची बाकी होती. "माझी सेव्ह नेटवर हाय, अप्पा! इथूनच पुढं चालू होईल!" तिनं सीडी घेतली आणि कन्सोलला लावायला गेली. कन्सोल उलटा केला. सुलटा केला. मागं बघितलं. बाजूला बघितलं. आदर्शनं घेतला, त्यानंही फिरवला.

"सीडी कुठून घालायची?" अप्पांनी विचारलं.

नव्या डब्याला सीडीची खाचच नव्हती. सबस्क्रिप्शनवर चालवायचा डबा, त्याला खाच कशाला? ऋतुजानं घेताना हे बघितलंही नव्हतं आणि आजपर्यंत तिला कधी त्याची गरजही पडली नव्हती. अप्पांनी सीडी हातात धरून त्या गुळगुळीत डब्याकडं बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी लहान पोरासारखा झाला.

मग ते ओरडले, "अरे, आपला जुना!"

दुकानाचा जुना कन्सोल कापडात गुंडाळून, वर गादी टाकून खोक्यांच्या तळाशी गेला होता. पोरांनी साखळी केली. खोकी या हातातून त्या हातात बाहेर गेली, गल्लीत अप्पांच्या संसाराचा ढीग लागला आणि शेवटी जुना डबा निघाला. धूळ, एका कोपऱ्याला तडा, पण खाच आहे! सीडी आत गेली. डबा खाकरल्यासारखा आवाज करून चालू झाला.

आणि अपडेट मागायला लागला.

"आयला, याला आत्ताच सुचलं का!" टेलर म्हणाला. दुकानाचं नेट तर सकाळीच कापलं होतं आणि ज्यावर आतापर्यंत भागवलं, ते ऋतुजाच्या मोबाइलचं नेटही संपलं होतं. आदर्शनं आपला मोबाइल काढून नेट जोडलं आणि मोबाइल उंच धरून दाराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, तिथं रेंज चांगली येते म्हणून. बँकेतून दोनदा फोन आला. "न्हाई साहेब, अर्जंट काम हाय, दवाखान्यात हाव," असं तो बिनदिक्कत सांगत होता आणि मागून सगळे खिदळत होते. मावशीनं टोपलीतल्या काकड्या चिरून वाटल्या. पैशाचं नाव काढलं नाही. पडद्यावर अपडेटची पट्टी हळूहळू भरत होती आणि अप्पांच्या घरून "कधी येताव?" असा फोन आला तेव्हा अप्पा म्हणाले, "पोरगी दाराशी उभी हाय, आत्ता कसं येऊ?" पलीकडं काय समजूत झाली असेल, ते महादेवालाच ठाऊक.

ऋतुजानं आपलं खातं उघडलं. सेव्ह उतरली. तीच जागा, तेच दार.

"अप्पा, मला भ्या वाटायलंय," ती हळू म्हणाली.

"मला बी," अप्पा म्हणाले. "खेळ."

ती खेळली. काय खेळली पोरगी! राक्षसाची कुऱ्हाड पडायच्या आधी बाजूला, पडली की हाण, पुन्हा बाजूला. कुणी ओरडत नव्हतं, सूचना देत नव्हतं. टेलरसुद्धा. अप्पा नेहमीसारखे काउंटरला टेकले नव्हते, ते तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. राक्षसाचा जीव केसाएवढा उरला. तिचाही तेवढाच. मग तिनं सरळ समोरून धाव घेतली आणि राक्षस कोसळला.

त्यानंतर जे झालं, त्याला आवाज म्हणता येणार नाही. ते दुकान हादरलंच. पोरांनी ऋतुजाला खुर्चीसकट उचललं. आदर्शच्या हातातून मोबाइल पडला. मावशी कुणालातरी मिठी मारत होती आणि तो टेलर होता.

"गप!" अप्पांचा आवाज चढला. "गप बसा की! शेवट!"

पोरांनी ऋतुजाची खुर्ची खाली ठेवली. पडद्यावर राक्षसामागचं दार उघडलं. बुरुजाच्या माथ्यावर ना खजिना होता, ना सिंहासन. एक लहानशी खोली, चूल, आणि चुलीपुढं तिचा भाऊ बसलेला, आता म्हातारा झालेला. तो वर बघतो. म्हणतो, एवढा उशीर? ती त्याच्याजवळ बसते. बस. एवढंच.

"एवढंच होय?" कुणीतरी म्हणालं.

अप्पा रडत होते. लपवतही नव्हते. "लई चांगला केलाय," ते म्हणाले. "लई चांगला शेवट केलाय." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

पोरं पांगायला लागली. ट्यूशनची पुढची बॅच होती. आदर्शनं मोबाइल पुसला आणि निघता निघता म्हणाला, "अप्पा, आजच एक नवी आलीय सबस्क्रिप्शनवर, लई भारी हाय म्हणतेत." मग आज दुकानच बंद होतंय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. यापूर्वी त्यानं असं कधी केलं नव्हतं.

गल्लीत टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात झेरॉक्सचं मोठं मशीन आणि पुढं पंढरी. "चला अप्पा, किल्ली द्या. माणसं भाड्यानं आणलीत, खोळंबा नको."

पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर चालली होती. कुठल्या कुठल्या देशांची, उच्चारता न येणारी. ऋतुजा उठायला लागली तर अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हातानंच तिला बसवलं.

"जरा थांब, पंढरी," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "एवढी माणसं राबलीत. नावं तर होऊ दे."

पंढरीनं मागं वळून टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायची खूण केली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन अप्पांच्या शेजारी उभा राहिला. अप्पा ओठांतल्या ओठांत एकेक नाव वाचत होते. नावं लई होती.