पट्टीवाली आणि पाहुणी

लाकडी पट्टी, तिच्यावर एक लाल रेघ. ज्याचं डोकं रेघेच्या खाली, त्याला राईडमध्ये बसता येत नाही. मग त्याचा बाप कोणीही असो.

*

कपाटाला तीन खण. वरचा ताईचा, खालचा धाकटीचा. मधला कोणाचा यावर तोडगा निघाला नाही, म्हणून त्यात आईच्या जुन्या चादरी.

*

माहितीपुस्तिका, पान चौथं: हसताना वरचे दात दिसावेत. खालचे दिसले तर समोरच्याला आपण चावणार असं वाटतं.

*

वाफेची इस्त्री फुसफुसते तेव्हा बाबांना ऐकू येत नाही. नको तो विषय निघाला की बाबा नेमकी तेव्हाच इस्त्री दाबतात.

*

वसतिगृहात एका विद्यार्थिनीला एक पलंग, एक कपाट, एक कुलूप. किल्ली तिच्याकडेच.

*

तर सांगायचं ते असं. गावाबाहेरच्या थीम पार्कमध्ये कॉलेजच्या मुलामुलींना वर्षभर कामाला घ्यायची योजना होती. काम, पगार आणि राहायला वसतिगृह. लाँड्रीवाल्याच्या दोन्ही मुलींनी अर्ज केला, आणि दोघींना एकाच सकाळी मुलाखतीला बोलावलं.

"जाईल ती एकच," बाबांनी जेवताना सुनावलं. "दोघी गेल्यात तर गाठोडी कोण सोडणार? दुसरी दुकानात बसेल."

"आणि दोघींनाही घेतलं तर?" धाकटीने विचारलं.

इस्त्री जवळ नव्हती, म्हणून बाबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

धाकटीला पगाराचं फारसं अप्रूप नव्हतं. राईडचं तर मुळीच नव्हतं, तिला झोपाळ्यावरही गरगरायचं. तिला ती किल्ली हवी होती. जिथे ताई नाही अशी खोली आणि जे ताई उघडणार नाही असं कपाट. सहा महिने दोघींचं बोलणं बंद होतं. सुरुवात एका कंगव्यावरून झाली एवढं आईला आठवायचं; पुढे कंगवा मोडला, भांडण टिकलं. आता सगळा व्यवहार आईमार्फत चाले.

"आई, हिला सांग, साबण संपलाय."

"अगं, ती इथेच उभी आहे."

"सांग म्हटलं ना."

"साबण संपलाय गं," आई म्हणायची. "आणि माझाही जीव संपत आलाय, तेही सांगू का कोणाला?"

मुलाखतीच्या आधी धाकटीने पार्कची पुस्तिका घोकून काढली. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. एका बोटाने वाट दाखवायची नाही, सबंध तळहाताने दाखवायची. आवाज खाली, हनुवटी वर. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून ती वरचे दात दाखवायचा सराव करायची.

"आई," बाहेरून ताईचा आवाज यायचा, "आत कोणीतरी एकटंच हसत बसलंय. त्याला म्हणावं, डॉक्टरला दाखव. नाहीतर निदान बाहेर ये."

ताईने मागच्या वर्षीही मुलाखत दिली होती. घेतलं नाही. घरी येऊन तिने सगळ्यांना तोऱ्यात सांगितलं, मलाच नको होतं, फार लांब पडतं. मग तीन रात्री उशीत तोंड खुपसून रडली. हे आईला माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं. पण खोली एकच, आणि धाकटीची झोप हलकी. तिने ते कोणाला सांगितलं नाही. जपून ठेवलं. चांगली सुरी रोजच्या भाजीला कोणी काढत नाही.

*

मुलाखतीच्या खोलीत दहा खुर्च्या एका ओळीत, पाठीवर आकडे चिकटवलेले. ताई दाराजवळच्या एक नंबरवर बसली. म्हणून धाकटी पार टोकाला जाऊन दहा नंबरवर बसली. मधल्या आठ जणांना वाटलं असेल, हिला खिडकी आवडते.

मुलाखत घेणाऱ्या बाई आल्या. राखाडी कोट, आणि बोलणं स्टेपलरसारखं, खट् खट्.

"जोड्या करायच्यात. ओळ मधून दुमडते. पहिली आणि शेवटची, उठा."

ज्याला टाळावं ते पुढ्यात. दोघी उठल्या.

"एक पट्टीवाली, एक पाहुणी," बाई म्हणाल्या. "पाहुणीचं मूल रेघेला बोटभर कमी पडतंय. तास दीड तास रांगेत उभं होतं. पाहुणीने भांडायचं. पट्टीवालीने सोडायचं नाही. शेवटची खुर्ची, तू पट्टी धर."

"किती भांडायचं?" ताईने विचारलं.

"जमेल तेवढं."

"जमेल," ताई म्हणाली.

*

पाहुणी (ताई): बाजूला हो. त्याला आत जाऊ दे.

पट्टीवाली (धाकटी): नमस्कार. मला फार वाईट वाटतंय, पण आज त्याला या राईडमध्ये बसता येणार नाही.

पाहुणी: वाईट वाटतंय? तुला? तोंडावर तर दिसत नाही.

पट्टीवाली: (वरचे दात) त्याच्या सुरक्षेसाठीच हा नियम आहे.

पाहुणी: नियम. दुसऱ्याच्या ताटातलं उचलताना कुठे असतो गं नियम? तुझ्यासारख्यांना मी चांगली ओळखते. लाडोबा. आयुष्यात कधी रांगेत उभी राहिली नसशील, सगळं आयतं हातात. आणि आज हातात काठी आली तर लगेच पोलीस.

पट्टीवाली: डाव्या बाजूला लहान मुलांसाठी छान झोके आहेत. (सबंध तळहात)

पाहुणी: हसतेस कशाला?

पट्टीवाली: तुमचा दिवस आनंदात जावो.

पाहुणी: तुझ्यासमोर? कसा जाईल?

*

ओळीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. धाकटीचे गाल दुखत होते, पण एक शब्द चुकला नव्हता. जिंकले, तिला वाटलं. गेली ही आता गाठोडी सोडायला.

"आता उलट," बाई म्हणाल्या.

पट्टी ताईच्या हातात गेली. पुस्तिका ताईने उघडलीच नव्हती, धाकटीला ठाऊक होतं. तिची प्रत मधल्या खणात चादरींखाली कोरीच्या कोरी पडून होती. आता फक्त एक धक्का द्यायचा होता.

*

पाहुणी (धाकटी): तू? परत तूच?

पट्टीवाली (ताई): नमस्कार. त्याची उंची थोडी कमी पडतेय हो.

पाहुणी: मागच्या वर्षीही आली होतीस ना इथे? हाकलली होती म्हणे.

पट्टीवाली:

पाहुणी: घरी सांगितलंस, मलाच नको होतं. आणि मग तीन रात्री उशीत तोंड घालून रडलीस. सगळं ऐकू येतं, कळलं? उशी काही एवढी जाड नसते. जिला स्वतःला कोणी घेत नाही ती माझ्या मुलाला अडवणार?

पट्टीवाली:

*

हे पाहुणीचं बोलणं नव्हे, एवढं शेवटच्या माणसालाही कळलं असावं. बाईंचं पेन थांबलं. ताईचे कान लाल झाले, मग मान. धाकटी वाट पाहत होती. आता रडेल. किंवा पट्टी फेकून मारेल. दोन्ही चालण्यासारखं होतं.

ताईने पट्टी भिंतीला टेकवून ठेवली. मग ती खाली उकिडवी बसली आणि धाकटीच्या कमरेशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून बोलू लागली.

"किती वेळ उभा होतास रे? पाय दुखले असतील. हे बघ, एवढंच राहिलंय." तिने बोटाचं पेर दाखवलं. "एवढं तर झोपेत वाढतं. आई रागावलीय, पण तुझ्यावर नाही. माझ्यावर रागावलीय. ते आमचं आम्ही बघू."

मग तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच, आईला मध्ये न घालता.

"त्याचा हात जरा सैल धरा. दुखतोय त्याला."

धाकटीने खाली पाहिलं. तिचा उजवा हात शरीरापासून थोडा लांब होता आणि मूठ गच्च आवळलेली. नखं तळव्यात रुतली होती. कधीपासून, तिला सांगता आलं नसतं.

तिने मूठ सोडली. सगळ्यांदेखत, सांगितल्यासारखी.

"बसा," बाई म्हणाल्या.

*

दुपारी एक मदतनीस बाहेर आला आणि व्हरांड्यात खुर्च्यांचे आकडे वाचून गेला. एक, चार, सात. धाकटी सरळ आत घुसली. बाई डबा उघडून बसल्या होत्या.

"माझं काय चुकलं?"

"खुर्ची दहा ना? काही नाही चुकलं. पाठांतर उत्तम आहे."

"मग?"

"जाताना दार लावून घे."

*

बसथांब्याच्या बाकावर दोन टोकांना दोघी बसल्या होत्या. मध्ये ताईची पिशवी.

"मी रडले ते आईला सांगितलंस?" ताईने विचारलं.

"नाही."

"का?"

"तेव्हा काय उपयोग होता?"

ताईने मान हलवली, जणू हिशेब पटला. बस दिसत नव्हती.

"डाव्या इस्त्रीची वायर तापते," ती म्हणाली. "मधूनमधून बंद ठेवत जा."

"माहीत आहे."

"तो डॉक्टर आहे ना, कोपऱ्यावरचा, तो शर्ट नेताना बटण तुटलं म्हणून कांगावा करतो. आधीच मोजून दाखव."

"माहीत आहे म्हटलं ना. मीपण त्याच घरात राहते."

"हो. आता सबंध खोलीत राहा."

"परत येऊ नकोस म्हणजे झालं."

"नाही येत."

बस आली. ताई पुढच्या दाराने चढली, धाकटी मागच्या. घरी बाबांनी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं, कोणाला घेतलं ते ओळखलं, आणि काउंटरमागची उंच खुर्ची धाकटीसाठी चार बोटं खाली केली. धाकटीने विचारलं, पगार देणार का. बाबांनी इस्त्री दाबली.

*

सकाळी मुलाखतीच्या दारावरच्या माणसाने विचारलं होतं, तुम्ही दोघी बरोबर आलात का, आणि दोघी एकदमच नाही म्हणाल्या होत्या.