सत्तावीस बटणं आणि कुंकवाचा करंडा

या व्यवहारात तुळशीदासला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, कोरडे कपडे. वीस वर्षं गोराईच्या मासळीसाठी बर्फाचा ट्रक चालवला, लाद्या स्वतः उतरवल्या. उजवा खांदा त्यातच गेला. दुसरी, पाठीला टेकू असलेली मऊ सीट. तिसरी त्यानं कुणाला सांगितली नव्हती: पार्वतीच्या तोंडून एकदा तरी ‘बरं केलंत.’ लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा जिन्नस अजून घरात आला नव्हता.

देणारा होता अंधेरीचा केतन. त्यानं पलंग, ओटा, संडास असलेली बसएवढी मोटरहोम घेतली होती, सहलीला भाड्यानं द्यायला. रविवारी पहिलं गिऱ्हाईक. ती फेरी नीट झाली तर नोकरी पक्की, नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयारच होता.

गाडी चालवण्यात तुळशीदासला अडचण नव्हती. अडचण डॅशबोर्डवर होती. सत्तावीस बटणं, सगळी सारखी काळी, वर मुंगीएवढं इंग्रजी. केतन तीन दिवस पुस्तक हातात धरून शिकवत होता आणि तुळशीदास तीन दिवस मान हलवत होता. न समजता मान हलवण्यात त्याचा हात धरणारा गोराईत कुणी नाही.

“भाऊ, कळलं ना?”

“कळलं की, केतनशेट.”

मग पाण्याचा पंप लावायला सांगितला, तर त्यानं वायपर लावले.

शनिवारी पूजा. पार्वती मासळीची पाटी जावेकडे टाकून बोटीनं खाडी ओलांडून आली. नारळ फुटला, हार चढला. मग ती करंडा घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर चढली. होडीची पूजा करताना पुढची टोकदार नाळ, इंजिन, सुकाणू, कुणालाच वगळायचं नसतं, वगळलेला रुसतो. हिशोब सरळ होता. तिनं पहिल्या बटणाला अंगठ्यानं कुंकू लावलं. चांगलं दाबून.

बाहेर पायरी सर्रकन निघाली ती थेट केतनच्या नडगीवर.

“आई गं! मावशी, काय करताय?”

पार्वती दुसऱ्या बटणावर गेली होती. गाडीच्या कुशीतून कापडी छत उलगडलं आणि शेजारच्या स्कूटरवर सावली धरून उभं राहिलं. तिसऱ्याला पंप घरघरला. चौथ्याला खालून लोखंडी पाय उतरले आणि गाडी टाचा उचलल्यासारखी वर झाली.

“थांबवा त्यांना!” केतन तुळशीदासवर ओरडला.

“पूजेत थांबवत नाय,” तुळशीदास म्हणाला. तिला थांबवायची त्याची छाती नव्हती, हे त्यानं सांगितलं नाही.

सत्तावीसही झाली, तेव्हा केतन नडगी चोळत म्हणाला, “वाट लागली. आता कुठल्यानं काय झालं, ते कोण सांगणार?”

“मी सांगते ना,” पार्वती म्हणाली. “रोज साठ गिऱ्हाइकं करते. कोणी काय नेलं, कुठला तुकडा परत केला, सगळं डोक्यात असतं. हे तुमच्या नडगीवालं. हे स्कूटरवालं. हे घरघरवालं.”

एकही चुकलं नाही. मग तिनं कुंकू पुसलं आणि नव्यानं ठिपके दिले: चालत्या गाडीत लागतात त्यांना लाल, गाडी उभी असतानाच हात लावायचा त्यांना पिवळी हळद.

“आणि ओ, पिवळ्यात दिवा जळत असेल तर गाडी हलवायची नाय. आता मान हलवू नका, म्हणून दाखवा.”

तुळशीदासनं म्हणून दाखवलं. दोनदा.

रविवारी मुलुंडचे नंदकुमार आणि कुंदाताई आले. कुंदाताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. गोराईच्या किनाऱ्यावर छताखाली खुर्ची टाकून त्या दोन तास समुद्राकडे बघत बसल्या. नंदकुमार समुद्र सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

निघताना छत आत गेलं, लोखंडी पाय आत गेले. गाडी सुरू झाली आणि डॅशबोर्ड टुंय टुंय ओरडू लागला. मागे बसलेल्या केतननं पुस्तक उघडलं. तुळशीदासनं फक्त पिवळे ठिपके पाहिले. एकात दिवा होता. नडगीवालं.

त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला नाही. “कुंदाताई बसल्या का, बघा हो.”

त्या बसल्या नव्हत्या. दाराचा दांडा धरून बाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या, समुद्राकडे शेवटचं बघून घेत.

नंदकुमारांनी त्यांना हात धरून आत घेतलं. मग तुळशीदासनं बटण दाबलं आणि पायरी आत गेली. नंदकुमार पुढे आले. त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले.

“नोकरी पक्की,” केतन म्हणाला. “आणि ते ठिपके कुणी पुसायचे नाहीत.”

आता कुणी काय मोजलं ते. केतननं एक नडगी. तुळशीदासनं तीन दिवसांची खोटी मान. पार्वतीनं शनिवारची अख्खी पाटी. जावेनं पापलेटं बोंबलाच्या भावात फुंकली होती. आणि कोरडे कपडे घालून घरी आल्यावर, ज्या दोन शब्दांची तो सव्वीस वर्षं वाट बघत होता, ते तुळशीदासलाच काढून द्यावे लागले: “बरं केलंस.”