झिपऱ्याच्या कानामागची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. साधीसुधी नव्हे हं, शिंप्याची! माझ्या मालकांचा, म्हणजे मास्तरांचा, कडक नियम होता : हिला फक्त कापड. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला वापरून दुधाची पिशवी कापली, तर मास्तर तीन दिवस घुश्श्यात होते. मला ते अगदी योग्य वाटलं.

तर अशा मला एका रविवारी चक्क कुत्र्यासाठी काढलं!

झिपऱ्या हा घरचा कुत्रा. अंगभर नुसते केस. 'उद्या विंचरू, उद्या विंचरू' करत घरच्यांनी दोन महिने घालवले आणि त्याच्या कानामागे केसांची लिंबाएवढी गाठ झाली. ती कातडी ओढायची. मान वळवली की बिचारा केकाटायचा. त्यानं जेवण सोडलं. कुणी हात नेला की दात दाखवायचा.

"अहो, माझ्यावर गुरगुरला तो! माझ्यावर!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री आणली. ती बोथट बया केस कापायच्याऐवजी चावत बसली. झिपऱ्या ओरडून कपाटामागे पळाला. तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी मला उचललं.

"अहो, ही? हिला तर फक्त कापड ना?"

"असू दे आता. टॉवेल आण."

माझा तर तिळपापड झाला. रेशीम कापलेली मी!

मास्तरांनी झिपऱ्याला टेबलावर चढवलं, स्वतःच्या गळ्यात मापाची टेप अडकवली आणि त्याच्या पाठीवर खडूनं रेघ मारली. सवय जाते थोडीच! "सरळ उभे राहा, साहेब. हात खाली सोडा." साहेबांनी बसकण मारली. एका बाजूचे केस उतरवून मास्तर गाठीशी आले आणि म्हणाले, "एवढं गुरुवारी करू."

काकू कडाडल्या, "तारखा गिऱ्हाइकांना द्या! त्याला आत्ता दुखतंय!"

मास्तरांनी गाठ धरली. झिपऱ्या गुरगुरला. खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली. कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं. इथं माझ्या टोकाखाली गरम कातडी थरथरत होती. मग मास्तरांनी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये स्वतःचं बोट सरकवलं. म्हणजे मी घसरले, तर आधी त्यांचं बोट! "सावकाश हं," ते पुटपुटले. मला की स्वतःला, कोण जाणे.

जन्मात मी इतकी जपून चालले नव्हते. एकेक बट सुटत गेली. दोनदा मास्तरांचं बोट कापलं, पण त्यांनी ते मागे घेतलं नाही. शेवटी गाठ टेबलावर पडली. झिपऱ्यानं मान हलवून पाहिली, पुन्हा हलवली. काकूंनी भीत भीत त्याच्या कानामागे हात नेला. त्यानं डोळे मिटले आणि सगळं डोकं त्यांच्या तळहातावर टाकलं. काकू रडायलाच लागल्या.

रूपाचं म्हणाल, तर एका बाजूनं कुत्रा, दुसऱ्या बाजूनं पायपुसणं. "नवीन आणलात का?" शेजारणीनं विचारलं.

केसांनी माझी धार गेली. कापड आता नवी कात्री कापते, आणि मी मागच्या दाराशी कंगव्याशेजारी लटकते. राग येतो की! पण मित्रांनो, तुमच्या घरी असा झबरा गडी असेल, तर रोज कंगवा फिरवा. कानामागेही फिरवा. त्याला दुखलेलं सांगता येत नाही, तो फक्त दात दाखवतो आणि आपण त्यालाच वाईट म्हणतो. मला पुन्हा त्या कानापाशी नेऊ नका. मी इथं खिळ्यावर गंजून गेले तरी चालेल.